आधी प्रश्न, मग प्रतिमा

अमेरिकेतल्या सुमारे चार लाख रुग्णांच्या अँजिओग्राफीच्या नोंदी तपासणारा एक मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. या रुग्णांना आधीपासून हृदयविकार असल्याचे माहीत नव्हते आणि कोणालाही तातडीने रुग्णालयात आणलेले नव्हते. शंका होती म्हणून ठरवून त्यांची तपासणी केली गेली. हृदयापर्यंत बारीक नळी नेऊन रक्तवाहिन्यांत डाय सोडल्यावर जे दिसले ते असे: रक्तप्रवाह खरोखर अडेल इतका अडथळा जेमतेम ३८ टक्के रुग्णांत होता, आणि ३९ टक्के रुग्णांच्या रक्तवाहिन्या जवळजवळ मोकळ्या होत्या. याहून विचार करायला लावणारा आकडा त्याच अभ्यासात आहे. यांतल्या ८४ टक्के रुग्णांची आधी ट्रेडमिल, इको किंवा स्कॅन अशी बाहेरून करायची एखादी तपासणी झालेली होती. तपासण्या झाल्या, तरीही पाचांपैकी तिघांच्या बाबतीत अंदाज चुकला. याचा दोष यंत्रांच्या माथी मारणे सोपे आहे, पण ते योग्य नाही. आत नळी न नेता हृदय पाहण्याची साधने आज इतकी भरवशाची आहेत की छातीदुखीच्या बहुतेक स्थिर रुग्णांत नळी घालण्याआधी त्यांचाच कौल घ्यायला हवा. मात्र तपासणी कोणाची करायची, कोणत्या शंकेसाठी करायची आणि निकालानंतर उपचारात काय बदलायचे हे आधी ठरलेले नसेल, तर उत्तम यंत्राचा कौलही दिशाभूल करतो.

हे म्हणणे कोणाला लागू नाही ते आधीच स्पष्ट करायला हवे. छातीत अचानक असह्य दाब येणे, दरदरून घाम फुटणे, कळ हातात किंवा जबड्यात जाणे, श्वास कोंडणे ही हार्ट अटॅकची लक्षणे असू शकतात. तिथे तातडीचा ईसीजी, रक्ताची तपासणी आणि गरज दिसली तर अँजिओग्राफीसाठी थेट कॅथलॅब हाच मार्ग आहे. रक्तवाहिनी पूर्ण बंद झालेली असताना जाणारे प्रत्येक मिनिट हृदयाचा स्नायू मारत असते. तिथे स्कॅनसाठी रांगेत थांबणे म्हणजे रुग्णाचे नुकसान करणे. पुढची चर्चा आहे ती त्या कितीतरी मोठ्या गटाची, ज्यांना जिना चढताना दम लागतो, भरभर चालताना छाती भरून येते, किंवा अधूनमधून दुखते आणि हे दुखणे हृदयाचे की पित्ताचे की स्नायूंचे हे कळत नाही. या माणसांजवळ विचार करायला वेळ असतो आणि तो वेळ नीट वापरला जावा, हा त्यांचा हक्क आहे.

अँजिओग्राफीला शेवटच्या शब्दाचा मान का मिळाला, हे तिच्या इतिहासावरून कळते. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच दंडातल्या शिरेतून हृदयापर्यंत नळी नेली. या कामाची थोरवी जगाला पटायला वेळ लागला. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९५६ साली, आणखी दोघांसोबत. अमेरिकेत क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स यांनी १९५८ मध्ये हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीचे पहिले थेट चित्र घेतले आणि त्यावर पुढची बायपास व अँजिओप्लास्टी उभी राहिली. हे ऋण मोठे आहे. पण या चित्रालाही मर्यादा आहेत. धमनीच्या आतली मोकळी जागा किती उरली एवढेच त्यात दिसते. धमनीच्या भिंतीत चरबीचा किती थर साचला आहे आणि त्या अडथळ्यामुळे स्नायूला रक्त खरोखर कमी पडते आहे का, या दोन्हींचे उत्तर त्यात थेट मिळत नाही. नदीचे पाणी किती रुंद वाहते आहे ते दिसावे, पण काठ आतून किती पोखरला आहे ते दिसू नये, तसे हे आहे. आणि हार्ट अटॅक पुष्कळदा अशाच पोखरलेल्या जागी येतो, जिथे अडथळा फारसा मोठा नव्हता, पण थर फुटला आणि त्यावर रक्ताची गुठळी जमली.

त्याच काळात स्वीडनमध्ये दुसरी वाट उघडत होती. लुंड येथील हृदयरोगतज्ज्ञ इंगे एड्लर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी धातूतले दोष शोधण्यासाठी वापरले जाणारे ध्वनिलहरींचे यंत्र आणून १९५३ साली हृदयाच्या हालचाली टिपल्या. आजची टूडी इको त्याचीच वंशज. झडपा नीट उघडतात आणि मिटतात का, हृदयाचे पंपिंग किती टक्के आहे, स्नायूचा एखादा भाग आळसावला आहे का, भिंत जाड झाली आहे का, हे सारे ती किरणोत्सर्गाशिवाय, काही मिनिटांत आणि हव्या तितक्या वेळा सांगते. दम लागत असेल, पाय सुजले असतील किंवा छातीत मर्मर ऐकू आली तर पहिला मान तिचाच. पण आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे की इको नॉर्मल म्हणजे ब्लॉकेज नाही. तो चुकीचा आहे. विश्रांतीत हृदयाची रक्ताची गरज कमी असते, त्यामुळे धमनी बरीच अरुंद झालेली असली तरी स्नायू व्यवस्थित आकुंचन पावतो आणि इको निर्दोष दिसते. तोच स्नायू श्रमाच्या वेळी उपाशी पडतो. म्हणून व्यायामाने किंवा औषधाने हृदयावर ताण आणून स्ट्रेस इको करतात, किंवा शिरेतून सूक्ष्म किरणोत्सारी द्रव्य देऊन स्नायूच्या कोणत्या भागाला रक्त कमी पोचते हे पाहतात. लोक या दुसऱ्या तपासणीला थॅलियम म्हणतात. हृदयाची एमआरआय आणखी एक गोष्ट सांगते: आधीच्या अटॅकमध्ये स्नायूचा कोणता भाग मरून व्रण झाला आणि कोणता अजून जिवंत आहे. सीटी अँजिओग्राफी मात्र थेट धमन्या दाखवते, त्यांच्या आतल्या पोकळीसह भिंतीतला थरही. हातातल्या शिरेत डाय दिले की पुरते. थोडक्यात, काही तपासण्या रचना दाखवतात, काही कार्य दाखवतात, आणि एकीचे काम दुसरीने भागत नाही.

मग चूक होते कुठे? जॉर्ज डायमंड आणि जेम्स फॉरेस्टर या दोन अमेरिकी डॉक्टरांनी १९७९ मध्येच याचे उत्तर मांडले होते. तपासणीच्या निकालाचा अर्थ तपासणीपूर्वी त्या माणसात आजाराची शक्यता किती होती यावर अवलंबून असतो. एक साधे गणित करून पाहू. अशी तपासणी धरा जी १०० आजारी माणसांपैकी ७० जणांना बरोबर ओळखते आणि १०० निरोगी माणसांपैकी ८० जणांना निर्दोष ठरवते. ट्रेडमिल चाचणी याच्या आसपासच बसते. कोणतीही तक्रार नसलेल्या हजार तरुणांना ती दिली आणि त्यांच्यात आजाराचे प्रमाण २ टक्के असले, तर २० आजारी माणसांतले १४ सापडतील, पण ९८० निरोगी माणसांतल्या १९६ जणांच्या कागदावरही 'पॉझिटिव्ह' उमटेल. एकूण २१० जण घाबरतील. खरा आजार त्यांतल्या पंधरा जणांमागे एकाला. आता तीच तपासणी अशा हजार जणांना द्या ज्यांचे वय, मधुमेह, धूम्रपान आणि दुखण्याची पद्धत पाहता निम्म्यांना आजार असण्याची शक्यता आहे. इथे पॉझिटिव्ह येणाऱ्या ४५० जणांत ३५० खरे आजारी निघतील. यंत्र तेच, तंत्रज्ञ तोच, कागदावरचा शब्दही तोच, पण अर्थ पार वेगळा. म्हणून कोणत्याही प्रतिमेच्या आधी डॉक्टरने रुग्णाशी दहा मिनिटे बोलणे हाच खरा तपासणीचा भाग आहे. दुखणे चालताना येते आणि थांबल्यावर जाते का, घरात कोणाला लवकर हृदयविकार झाला होता का, साखर आणि रक्तदाब किती, या प्रश्नांची उत्तरे नसतील तर पुढच्या महागड्या अहवालाला टेकायला भिंतच उरत नाही.

हे तत्त्व पाळून बाहेरून पाहिले तर रुग्णाचे भले होते, याचा पुरावा आता भक्कम आहे. स्कॉटलंडमध्ये छातीदुखीच्या ४,१४६ रुग्णांवर झालेल्या 'स्कॉट-हार्ट' या अभ्यासात निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले आणि निम्म्यांची त्याबरोबर सीटी अँजिओग्राफीही झाली. पाच वर्षांनी हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक यांचे प्रमाण पहिल्या गटात ३.९ टक्के आणि सीटी झालेल्या गटात २.३ टक्के होते. दहा वर्षांनंतरही फरक टिकून राहिला: ८.२ विरुद्ध ६.६ टक्के. युरोपातल्या २६ केंद्रांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डिस्चार्ज' अभ्यासाने तर सीटी आणि नळीची अँजिओग्राफी यांची थेट तुलना केली. पुढच्या साडेतीन वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात यांच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता, पण तपासणी आणि तिच्या अनुषंगाने झालेल्या प्रक्रियांतल्या गंभीर गुंतागुंती सीटी गटात ०.५ टक्के तर दुसऱ्या गटात १.९ टक्के होत्या. इंग्लंडच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये हृदयाच्या वाटणाऱ्या छातीदुखीत पहिली तपासणी म्हणून सीटीची शिफारस केली, आणि युरोप-अमेरिकेच्या पुढच्या मार्गदर्शक सूचनांतही तिला मानाचे स्थान मिळाले.

इथे एक रास्त शंका येते. उत्तर अमेरिकेत १०,००३ रुग्णांवर झालेल्या 'प्रॉमिस' अभ्यासात सीटी केलेल्यांचे आणि ताणाच्या तपासण्या केलेल्यांचे पुढचे आयुष्य सारखेच गेले. मग सीटीचा एवढा गौरव कशाला? माझ्या मते या दोन अभ्यासांत विरोध नाही, उलट एकच धडा आहे. स्कॉटलंडमधला फायदा जास्त स्टेंट घातल्यामुळे झाला नव्हता, कारण पाच वर्षांच्या अखेरीस अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते. फरक पडला तो औषधांत. धमनीच्या भिंतीत थर दिसला म्हणून कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या आणि गुठळी रोखणाऱ्या गोळ्या योग्य माणसांना सुरू झाल्या. ताणाच्या तपासणीत असा सौम्य आजार सुटून जातो आणि 'सगळे ठीक आहे' असे ऐकून माणूस घरी जातो. प्रतिमा स्वतः कोणाला वाचवत नाही. ती पाहून डॉक्टरने आणि रुग्णाने काय बदलले, त्यातून जीव वाचतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. अडथळा दिसला की तो उघडण्याची घाई होते, मग सीटीने जास्त अडथळे दाखवून जास्त स्टेंटच लागणार नाहीत का? हा धोका खरा आहे. पण त्याचे उत्तर डोळे मिटून घेणे हे नव्हे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला 'इस्कीमिया' अभ्यास ३७ देशांत ५,१७९ रुग्णांवर झाला. त्यात भारतातली केंद्रेही होती. ताणाच्या तपासणीत मध्यम ते तीव्र दोष असलेल्या स्थिर रुग्णांना सरसकट अँजिओग्राफी व गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास दिली काय आणि आधी चांगली औषधे दिली काय, तीनेक वर्षांत मृत्यू आणि अटॅक यांच्या एकूण प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. ज्यांना वारंवार छातीत दुखत होते त्यांना मात्र प्रक्रियेने चांगला आराम मिळाला. या अभ्यासात बहुतेकांची आधी सीटी झाली होती, आणि डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेल्यांना वगळले होते, कारण त्यांच्यात वाट पाहणे धोक्याचे असते. म्हणजे बाहेरून घेतलेल्या प्रतिमेने दोन्ही कामे केली: कोणाला थांबता येत नाही ते वेगळे काढले, आणि उरलेल्यांना औषधांवर विसंबण्याचा धीर दिला. स्थिर रुग्णाला 'आत्ताच स्टेंट घाला, नाहीतर काही सांगता येत नाही' असे टेबलावरच सांगितले जाते, तेव्हा या पुराव्याची पायमल्ली होते.

तिसरा मुद्दा भावनेला हात घालतो. भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात गाठतो, हे खरे आहे. मग चाळिशीनंतर सगळ्यांचीच तपासणी का करू नये? वाढदिवसाला भेट म्हणून दिली जाणारी हेल्थ पॅकेजेस याच भीतीवर चालतात. तक्रार नसलेल्यांत सरसकट ट्रेडमिल केल्याने काय होते ते वरच्या गणितात आलेच आहे. कॅल्शियम स्कोअरची गोष्ट थोडी वेगळी आहे. आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेली धमन्यांतल्या कॅल्शियमची ही सीटी-मोजणी डाय न देता, अगदी कमी किरणांत होते. स्कोअर शून्य असेल तर पुढच्या काही वर्षांतला धोका कमी, १०० च्या वर असेल तर औषधांचे पारडे जड, ४०० च्या वर असेल तर आजार बराच पसरलेला. कोलेस्टेरॉलची गोळी कायमची सुरू करावी की नाही अशा काठावर उभ्या असलेल्या मध्यमवयीन माणसाला याचा उपयोग होतो. पण तिशी-पस्तिशीत शून्य आकडा पाहून निर्धास्त होणे धोक्याचे, कारण कोवळ्या थरात अजून कॅल्शियम साचलेले नसते. कमी वयात येणाऱ्या आजाराचे उत्तर तंबाखू सोडवणे, रक्तदाब आणि साखर वेळच्या वेळी मोजणे, कोलेस्टेरॉल तपासणे यात आधी आहे. रक्तदाबाच्या पट्ट्याला झगमगाट नाही, पण त्याने वाचणारे जीव कितीतरी जास्त आहेत.

किरणांची भीती आणि तपासणीच्या मर्यादा यांवरही मोकळेपणाने बोलायला हवे. आधुनिक यंत्रावर काळजीपूर्वक केलेल्या सीटी अँजिओग्राफीत साधारण २ ते ५ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातूनच माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतो. गरज असेल तर हा धोका पत्करण्याजोगा आहे, दरवर्षी हौस म्हणून घेण्याजोगा नाही. नाडी जलद किंवा अनियमित असेल, धमन्यांत कॅल्शियम खूप साचले असेल, जुने बारीक स्टेंट असतील तर चित्र धूसर येते आणि अडथळा आहे त्याहून मोठा भासतो. मूत्रपिंडे कमजोर असतील तर डाय देताना सावध राहावे लागते. आणि धमन्या मोकळ्या दिसल्या म्हणजे रुग्णाचे दुखणे मनाचे खेळ, असा निष्कर्षही काढू नये. हृदयातल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचा विकार, जो स्त्रियांत अधिक आढळतो, नळीच्या किंवा सीटीच्या चित्रात दिसत नाही. तिथे स्नायूतला रक्तपुरवठा मोजणारी एमआरआय किंवा पेट स्कॅन यांसारखी तपासणी लागते. या मर्यादा मान्य केल्याने माझे म्हणणे दुबळे होत नाही. कोणत्या रुग्णाला कोणती तपासणी, हे विचारण्याची गरज त्यातून अधिकच ठळक होते.

शेवटचा आक्षेप आपल्या परिस्थितीचा आहे. चांगले सीटी यंत्र आणि ते वाचणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांत आहेत, गडचिरोली किंवा नंदुरबारच्या रुग्णाने काय करायचे? हा प्रश्न टाळता येत नाही, पण त्याचे उत्तर जवळच्या साध्या साधनात आहे. इकोने ब्लॉकेज ओळखता येत नसले, तरी हृदयाचे दुसरे आजार कळतात, आणि तिचे यंत्र आता हातात मावेल इतके लहान झाले आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कंबोडिया आणि मोझांबिक इथल्या शाळकरी मुलांच्या पाहणीत, संधिवाताच्या हृदयविकाराची जितकी मुले स्टेथोस्कोपने सापडली, त्यांच्या सुमारे दहापट इकोने सापडली. त्याचा फायदा काय, याचे उत्तर २०२१ मध्ये युगांडातून आले: अशा सुप्त आजाराच्या ८१८ मुलांत, दर महिन्याला पेनिसिलिनचे इंजेक्शन मिळालेल्यांपैकी केवळ ०.८ टक्के मुलांचा आजार दोन वर्षांत वाढला, न मिळालेल्यांत ८.२ टक्के. हा आजार भारतात अजून गेलेला नाही, आणि हे औषध स्वस्त आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यामुळे ध्वनिलहरींच्या यंत्रांवर नोंदणीची बंधने आहेत. त्या कायद्याची गरज वादातीत आहे, तो दुबळा न करता हृदयाच्या तपासणीची सोय तालुक्यापर्यंत नेण्याचा मार्ग शासनाने आणि डॉक्टरांनी मिळून काढायला हवा. पैशांची घडीही बदलायला हवी. केंद्राने २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आणली, हे चांगलेच झाले. पण आपल्या सरकारी विमा योजनांचा भर रुग्णालयात दाखल होऊन करायच्या प्रक्रियांवर आहे. बाह्यरुग्ण विभागात होणाऱ्या तपासण्यांचा खर्च बहुतेक रुग्णाच्याच खिशातून जातो. अँजिओप्लास्टी फुकट आणि ती लागते की नाही हे ठरवणारी तपासणी विकत, अशी रचना असेल तर गरिबाला प्रक्रियेकडेच ढकलले जाणार. योजनांनी योग्य रुग्णाच्या स्ट्रेस इकोचा आणि सीटीचा खर्च उचलला, तर टळलेल्या प्रक्रियांतून त्याचा बराचसा भाग भरून निघू शकेल.

रुग्ण आणि त्याचे घरचे लोक यात निव्वळ प्रेक्षक नाहीत. तपासणी सुचवली गेली की तीन गोष्टी विचारण्यात संकोच नको: माझी लक्षणे आणि वय पाहता आजाराची शक्यता किती वाटते, ही तपासणी नेमके काय दाखवेल आणि काय दाखवणार नाही, आणि निकाल असा आला तर उपचार कसा बदलेल, तसा आला तर कसा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'काहीच बदलणार नाही' असे असेल, तर ती तपासणी आज करण्याचे कारण नाही. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही, कारण तेच त्याच्याही मनात असतात. नळी घालून केलेली अँजिओग्राफी ज्यांना हवी त्यांना ती वेळेवर मिळावी, आणि ज्यांना नको त्यांना तिच्या टेबलापर्यंत जावे लागू नये, एवढे साधण्याची साधने आज आपल्या हातात आहेत. ती कोणासाठी आणि कशासाठी वापरायची याचा विवेक वैद्यकीय शिक्षणात, विमा योजनांत आणि रुग्णांच्या प्रश्नांत रुजवणे, हे पुढचे काम आहे.